कुंपणभिंतीशिवाय उभं राहिलेलं करमणूक केंद्र: एका तालुक्याच्या गावातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातल्या नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. आमच्या आर्किटेक्ट चमूकडे हे काम सल्लागार म्हणून आलं ते २०२२ मध्ये. तोवर 'बहुउद्देशीय क्रीडा व करमणूक केंद्र' या नावाचा एक आराखडा तयार होता, त्याला प्रशासकीय मान्यता मिळालेली होती आणि निधीचा पहिला हप्ता नगरपरिषदेच्या खात्यावर येऊन पडला होता. नगरपरिषदेची मुदत संपलेली, निवडणुका लांबलेल्या, त्यामुळे कारभार प्रशासकांकडे. आमचं काम तसं मर्यादित होतं: आराखड्याची तपासणी करायची, दर्शनी भाग 'जरा आधुनिक' करायचा आणि तांत्रिक मान्यतेसाठी नकाशे द्यायचे.

जागा एस.टी. स्टँडच्या मागची, साधारण अडीच एकर. विकास आराखड्यात ती 'क्रीडांगण' म्हणून आरक्षित आहे. पूर्वेला स्टँडचा रस्ता, उत्तरेला नगरपरिषदेची मराठी शाळा, दक्षिणेला माळगल्ली, पश्चिमेला ओढा. ओढा पुढे नदीला मिळतो. मधोमध उतरत्या कौलांची जुनी तालीम, तिच्यासमोर पिंपळ, पिंपळाला दगडी पार आणि पारावर शेंदूर फासलेला मारुती. बाकी सगळं मोकळं मैदान.

मूळ आराखड्यात या मैदानाच्या चारी बाजूंनी सहा फुटांची भिंत होती. रस्त्याच्या बाजूला कमान आणि गाळ्यांची रांग, मधोमध काचेच्या दर्शनी भागाचा दुमजली हॉल, मागे पोहण्याचा तलाव. तालीम पाडून तिच्या जागी वाहनतळ. ओढा पाइपात घालून त्यावर बगीचा.

जागेवर आधीच काय चाललं होतं

नकाशाला हात लावण्याआधी आम्ही एक गोष्ट मागून घेतली: जागेवर कोण, कधी, कशासाठी येतं याची नोंद करायला वेळ. मुख्याधिकाऱ्यांनी ती दिली. शाळेच्या क्रीडाशिक्षिका आणि दोन कॉलेजची मुलं सोबतीला घेतली. बाजाराचा दिवस, सुट्टीचा दिवस, परीक्षेचे दिवस असे वेगवेगळे वार धरून पहाटेपासून रात्रीपर्यंत कागदावर खुणा केल्या.

पहाटे पाचच्या आधी तालमीत दिवा लागतो. पोरं हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती खोऱ्याने उकरतात, मग जोर-बैठका, मग लढती. सहानंतर मैदानाच्या कडेने फेऱ्या मारणारे. साडेदहाला शाळेचा परिपाठ मैदानावर, कारण शाळेला स्वतःचं पटांगणच नाही. दुपारी गाडीची वाट पाहणारी माणसं पिंपळाखाली बसतात. स्टँडच्या शेडमध्ये पत्रा तापलेला असतो, पंखे बंद असतात. शिदोरी सोडून जेवतात, डोक्याखाली पिशवी घेऊन आडवे होतात. संध्याकाळी क्रिकेटचे तीन-तीन डाव एकमेकांत घुसलेले. गुरुवारी पूर्वेकडच्या निम्म्या भागात आठवडी बाजार.

आणि या सगळ्यातून तिरपी जाणारी एक पायवाट. माळगल्लीतून निघून तालमीच्या अंगाने स्टँडला पोहोचणारी. शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुली, पहाटेच्या गाडीने कामाला जाणाऱ्या बायका, दवाखान्याला निघालेले म्हातारे, सगळे तिथून. मूळ नकाशात ही पायवाट दाखवलेलीच नव्हती. मोजणीच्या नकाशावर पायवाट उमटत नाही आणि आराखडा मोजणीच्या नकाशावर काढलेला होता.

नोंदींतून एक गोष्ट फार ठळकपणे दिसली. या मैदानातून दिवसभरात जितके पुरुष जात, जवळपास तितक्याच बायका जात. पण पुरुष थांबत, बसत, खेळत, गप्पा मारत. बायका फक्त जात. बाजाराचा दिवस सोडला तर बसलेली बाई क्वचितच दिसे. संध्याकाळी दिवे लागले की पायवाटेवरूनही त्या दोघी-तिघींनी मिळून जात आणि तालमीमागचा अंधारा कोपरा टाळायला वाट थोडी वाकडी करत. तिथे मातीवर ते वळण उमटलेलंच होतं.

अडचण नेमकी कुठे होती

गावाला करमणुकीची जागा नव्हती असं नाही. होती, आणि रोज वापरात होती. तिला सावली, दिवे, पाणी, स्वच्छतागृह आणि पावसाळ्यात आत शिरता येईल असं छप्पर नव्हतं. मंजूर आराखड्याने छप्पर दिलं असतं, पण त्या बदल्यात पायवाट, बाजार, परिपाठ, तालीम आणि पिंपळाखालची दुपार, पाचही गोष्टी घालवल्या असत्या.

दुसरी अडचण पातळीची. ओढ्याला नदीचं पाणी उलटं चढतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये मैदानात पाणी आलं होतं आणि त्या दोन्ही खुणा तालमीच्या भिंतीवर वस्तादांनी गेरूने ओढून ठेवल्या आहेत, शेजारी साल लिहून. पूररेषेच्या नकाशानुसार ओढ्यालगतचा पट्टा निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत होता. तिथे इमारत बांधायला मनाई. त्याच्या अलीकडचा मधला भाग निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर घ्यावं लागतं. हॉल मधोमध धरल्यामुळे त्याच्याखाली पुरुषभर उंचीचा भराव येत होता. म्हणजे मैदानावरून हॉलमध्ये जायला दहा-बारा पायऱ्या किंवा लांबच लांब उतार. एकास बाराच्या उताराने दीड मीटर चढायचं तर अठरा मीटरचा रॅम्प लागतो, मधले टप्पे वेगळेच. खाली खेळणारी मुलं आणि वरचा हॉल यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नसता.

तिसरी अडचण वेळेची. निधी ठरलेल्या मुदतीत खर्ची पडला नाही तर परत जाईल ही टांगती तलवार प्रत्येक बैठकीत होती. आराखडा बदला म्हणणाऱ्याला आधी या भीतीचं उत्तर द्यावं लागत होतं, आणि ही भीती खोटी नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आहे तोच आराखडा थोडा सुधारून बांधायचा: भिंतीला पायवाटेच्या दोन्ही टोकांना फाटकं ठेवायची, तालीम एका कोपऱ्यात नवी बांधून द्यायची. मान्यता तशीच राहिली असती, काम लगेच सुरू झालं असतं. पण फाटकाला वेळ येते, कुलूप येतं आणि किल्ली कोणाकडे हा प्रश्न येतो. पहाटे साडेचारच्या गाडीला निघालेल्या बाईसाठी फाटक कोण उघडणार होतं?

दुसरा पर्याय काही माजी नगरसेवकांनी सुचवला होता: बायपासजवळच्या मोकळ्या जागेत मोठं संकुल करायचं आणि हे मैदान आहे तसं सोडायचं. धावपट्टी, प्रेक्षागृह, वाहनतळ, सगळं प्रशस्त झालं असतं. गावापासून अंतर तीन किलोमीटर. तिथे कोण पोहोचेल याचा विचार केला तर उत्तर सोपं होतं: ज्याच्याकडे दुचाकी आहे तो. शाळकरी मुली, म्हातारी माणसं, हातात लहान पोर असलेली बाई यांच्यासाठी ते केंद्र नसल्यात जमा.

तिसरा पर्याय आम्ही मांडला. एकच मोठी इमारत न करता कामं विखुरायची, मैदान मोकळंच ठेवायचं, बांधकाम कडेला आणि उंचवट्यावर न्यायचं, वापरात असलेलं काहीही हटवायचं नाही. याला सुधारित तांत्रिक मान्यता लागणार होती, पण योजनेचं नाव, उद्देश आणि एकूण रक्कम बदलत नव्हती. हा मुद्दा निर्णायक ठरला. नगरपरिषदेच्या बांधकाम अभियंत्यांनी नव्या नकाशाची बाबवार तुलना आधीच्या अंदाजपत्रकाशी करून दिली आणि कोणती रक्कम कुठून कुठे वळते हे एका तक्त्यात दाखवलं. तो तक्ता नसता तर बाकी सगळं कागदावरच राहिलं असतं, असं मला आजही वाटतं.

सर्वसाधारण सभा नसल्यामुळे लोकांचं म्हणणं ऐकायला अधिकृत जागा नव्हती. प्रशासकांनी बैठक थेट पारावर घेतली, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. बचत गटाच्या बायका येतील अशी वेळ ठरवून घेतली होती. त्या आल्या आणि सुरुवातीला मागे उभ्या राहिल्या. भिंतीचा विषय निघाला तेव्हा त्यांतल्या एक मावशी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, भिंत बांधा की, पण मग आमच्या पोरींनी स्टँडला जायचं कुठनं? मोठ्या रस्त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधनं?" उसाच्या हंगामात त्या रस्त्यावरून साखर कारखान्याच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. या प्रश्नानंतर त्या संध्याकाळी भिंतीच्या बाजूने फारसं कोणी बोललं नाही.

निर्णय आणि त्यामागची कारणं

भिंतीचा निर्णय सगळ्यात अवघड होता आणि तो एका बैठकीत झाला नाही. भिंत हवीच म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा: भिंत नसेल तर जनावरं शिरतील, रात्री दारूचे अड्डे बसतील, अतिक्रमण होईल. यातला कुठलाच मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. अंधाऱ्या कोपऱ्यात बाटल्या आधीही सापडतच होत्या. पण तो कोपरा मोकळा असल्यामुळे नव्हे, तर दोन बाजूंनी आडोसा असल्यामुळे तसा झाला होता: एकीकडे तालमीची मागची भिंत, दुसरीकडे शाळेचं कुंपण. भिंतींनी आडोसे वाढतात. पायवाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर सगळीकडे पोहोचली तर कोपरा आपोआप सुटतो.

शेवटी ठरलं ते असं. भिंतीऐवजी पूर्व आणि दक्षिण बाजूला घडीव काळ्या दगडाचा बसता येईल असा कट्टा, उंची ४५ सेंटीमीटर. वाहनं आत येऊ नयेत म्हणून कट्ट्याच्या मोकळ्या जागांत दगडी खांब, माणूस जाईल पण जीप जाणार नाही इतक्या अंतरावर. कुलूप फक्त इमारतींना, मैदानाला नाही. अंदाजपत्रकातली भिंतीची रक्कम दिवे, स्वच्छतागृह आणि कट्टा यांत वाटली. इथली जमीन काळी, भेगाळणारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. अशा जमिनीत लांब भिंतीला नीट पाया घ्यायचा तर खर्च वाढतो, नाही घेतला तर दोन पावसाळ्यांत तडे जातात. अभियंत्यांना हे सांगावं लागलं नाही, गावातल्या अर्ध्या कुंपणभिंतींची तीच अवस्था त्यांनी पाहिलेली होती.

तालमीबाबत गोष्ट वेगळी. तिच्याबद्दल जिव्हाळा सगळ्यांनाच होता, पण 'जुनं पाडून पोरांना चांगलं नवीन देऊ' असं म्हणणारेही मनापासूनच म्हणत होते. वस्तादांनी आम्हाला हौद्यात उतरवून माती हातात दिली. लाल माती, तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. ती रोज उकरावी लागते, ओल धरावी लागते आणि तिला वारा लागतो. बंद काँक्रीटच्या खोलीत, फरशीवर ओतलेल्या मातीला कुबट वास सुटतो, हे त्यांनी दुसऱ्या एका गावच्या नव्या तालमीत पाहिलेलं. जुन्या इमारतीत कौलांखालून वारा वाहतो आणि हौदा थेट जमिनीवर आहे. त्यामुळे तालीम तिथेच ठेवून वासे बदलणं, कौलं उतरवून पुन्हा शाकारणं आणि मागच्या आंधळ्या भिंतीत दोन रुंद दारं काढणं एवढंच ठरलं. दारं उघडली की अंधारा कोपरा तालमीचंच अंगण होतो.

कोल्हापूरचं खासबाग मैदान या चर्चेत वारंवार आलं, आणि ते साहजिकही होतं. शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली झालेल्या त्या मैदानात आखाडा मधोमध आणि प्रेक्षक सभोवती चढत्या उतारावर बसतात. कुठूनही बसलं तरी लढत दिसते. आपल्याकडेही तसंच खोल मैदान करू, असा आग्रह धरला गेला. इथे जमीन पुराची, खोदलं की पाणी साठणार. म्हणून आम्ही उलट केलं: ओढ्याच्या बाजूचा नैसर्गिक उतार तसाच ठेवला, त्यावर दगडी पायऱ्यांच्या चार लांब ओळी घेतल्या आणि समोर कबड्डीचं मैदान आखलं, १३ बाय १० मीटरचं. पूर आला तर पायऱ्या बुडतील, पाणी ओसरल्यावर धुऊन निघतील. निळ्या रेषेच्या आत याहून जास्त काही करायचं नाही, हे पक्कं होतं.

ओढा पाइपात घालायचा की मोकळा ठेवायचा यावर प्रशासकांना एक परदेशी उदाहरण दाखवलं, ब्राझीलच्या साओ पाउलो शहरातलं सेस्क पॉम्पेया हे करमणूक केंद्र. लिना बो बार्दी या वास्तुरचनाकार बाईंनी १९७७ पासून तिथे काम केलं. पिंपं (ड्रम) बनवण्याचा जुना कारखाना पाडून नवं करमणूक केंद्र बांधायचं घाटत होतं. त्या पाहायला गेल्या तेव्हा शनिवार-रविवारी आसपासची माणसं, पोरंबाळं त्या रिकाम्या शेडमध्ये आधीच जमत होती, खेळत होती. त्यांनी शेड ठेवल्या. खेळांसाठी नव्या इमारती लागणार होत्या, पण जागेतून झाकलेला ओढा जात होता आणि त्यावर बांधायला मनाई होती. मग ओढ्याच्या दोन बाजूंना दोन उंच इमारती उभ्या केल्या, त्या वर हवेतच पुलांनी जोडल्या आणि ओढ्याच्या पट्ट्यावर लाकडी फळ्यांचा लांब कट्टा केला. लोक तिथे ऊन खात पडतात. कारखान्याच्या शेड १९८२ मध्ये खुल्या झाल्या, खेळांच्या इमारती १९८६ मध्ये. आमचं गाव साओ पाउलो नाही आणि आमच्याकडे तसा पैसाही नाही. पण बांधकामाला मनाई असलेली जमीनच लोकांना बसायला देता येते, आणि वापर आधी बघून मग नकाशा काढता येतो, हे पटायला त्या फोटोंनी मदत केली. ओढा उघडा राहिला.

पोहण्याच्या तलावाचा प्रश्न साध्या गणिताने सुटला. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावतं. माणशी रोज १३५ लिटर या शहरी मापदंडाने ते साधारण साडेतीन हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. गावाला नळाचं पाणी दिवसाआड येत होतं. तलाव वगळला आणि त्याची रक्कम पहिल्या टप्प्यातून बाजूला ठेवली.

गाळ्यांवर मात्र ताणाताणी झाली. नगरपरिषदेला उत्पन्न हवं होतं, देखभालीचा खर्च कुठून काढायचा हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. रस्त्याच्या बाजूने गाळ्यांची रांग झाली असती तर मैदानाने रस्त्याकडे पाठ फिरवली असती, हे आमचं म्हणणं. तडजोड अशी झाली की उत्तरेच्या टोकाला, शाळेच्या बाजूला, मोजके गाळे. बाकी लांबीत बाजारासाठी बुटके ओटे, वर पत्र्याची शेड, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची नाली. गुरुवारी भाजी, इतर दिवशी मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांच्या गप्पा, शाळेची पंगत.

हॉल रस्त्यालगतच्या उंच जमिनीवर नेला. तिथे लाल रेषेच्या वर जोतं घ्यायला तीन पायऱ्या आणि छोटा उतार पुरला. दोन बॅडमिंटन कोर्ट मावतील आणि मॅट टाकून कबड्डीही होईल एवढा तो आहे. जिल्हा पातळीच्या स्पर्धा घ्यायच्या तर छप्पर आणखी उंच हवं, असा आग्रह होता. रोजच्या सरावाला पुरेल तेवढीच उंची धरली आणि रस्त्याच्या बाजूला उतरती पडवी काढली. पडवी वळचणीला हात लागेल इतकी खाली उतरते, त्यामुळे शेजारच्या घरांवर हॉल चढून आल्यासारखा वाटत नाही. पावसात स्टँडवरची माणसं तिथेच येऊन उभी राहतात.

काम कसं झालं

निविदा २०२३ च्या सुरुवातीला निघाली. पहिला आग्रह असा होता की बांधकाम चालू असतानाही पायवाट बंद पडू नये. तशी अट निविदेत घातली. ठेकेदाराने वाट दोनदा बाजूला हलवली पण तोडली नाही.

दगडकाम गावाजवळच्या वडार कारागिरांनी केलं. मूळ अंदाजपत्रकात दर्शनी भागाला आयात टाइल्स होत्या. त्यांच्या जागी स्थानिक काळा दगड, कौलं आणि जाळीच्या विटा घेतल्या. त्यात फार सांगण्यासारखं नाही, दरसूचीत दर होते, माणसं होती, काम झालं.

एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी होती. कट्ट्याचा पहिला तुकडा लागला त्या संध्याकाळी ओल्या सिमेंटवर कोणी बसू नये म्हणून ठेकेदाराने काट्याच्या फांद्या टाकल्या होत्या. दोन बायका आल्या, फांद्या बाजूला केल्या, हाताने दगड चाचपून पाहिला. एकीने बसून बघितलं. पाय जमिनीला टेकतात का, हे त्या पाहत होत्या. टेकले. मग त्या उठल्या, फांद्या परत होत्या तशा लावल्या आणि स्टँडकडे गेल्या. दक्षिणेकडच्या कट्ट्यावर हे जमलं नाही, कारण काम चालू असताना तिथला रस्ता खोदून नवी नाली झाली आणि रस्त्याच्या बाजूने कट्टा साठ सेंटीमीटरच्या वर गेला. तिथे आज तरुण पोरं बसतात, म्हाताऱ्या बसत नाहीत.

आज काय स्थिती आहे

पहिला टप्पा २०२४ मध्ये वापरात आला. पायवाट तीच आहे, आता फरसबंद आणि दिव्यांखाली. बाजार शेडखाली भरतो. शाळेचा परिपाठ पावसाळ्यातही चुकत नाही. क्रीडाशिक्षिकांनी मुलींचा कबड्डी संघ उभा केला, तो संध्याकाळी पायऱ्यांसमोरच्या मैदानावर सराव करतो. त्या वेळी पायऱ्यांवर आया बसलेल्या असतात. मुलींना एकटं सोडायचं नाही म्हणून त्या सुरुवातीला येऊ लागल्या. आता सराव संपला तरी लगेच उठत नाहीत. ज्या मैदानात बायका फक्त चालताना दिसत होत्या, तिथे हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

स्वच्छतागृहाची कहाणी वाकडी गेली. ते स्टँडच्या तोंडाशी, सगळ्यांच्या नजरेत, बायकांसाठी वेगळ्या प्रवेशाचं असं बांधलं. उद्घाटनानंतर काही आठवड्यांतच त्याला कुलूप लागलं, कारण सफाईसाठी माणूस नेमलेला नव्हता. ते पुन्हा उघडलं ते बचत गटाला मासिक मोबदल्यावर काम दिल्यानंतर. तो करार दर वर्षी नव्याने करावा लागतो आणि दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये कुलूप परत लागतं की काय अशी धाकधूक असते.

हॉलचं काय झालं हे स्पष्ट सांगायला हवं. देखभालीचा खर्च निघावा म्हणून तासावारी शुल्क ठेवलं गेलं. संध्याकाळचे सगळे तास नव्या कॉलन्यांतल्या बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी धरले. माळगल्लीतली मुलं काचेतून बघतात. शाळेसाठी सकाळचे तास राखीव आहेत, पण सकाळी शाळा भरलेली असते.

आणि ओढा. तो मोकळा ठेवणं योग्यच होतं, पावसाळ्यात पाणी पसरायला तिथे जागा राहिली. पण वरच्या गल्ल्यांचं सांडपाणी अजून त्यातच येतं. उन्हाळ्यात पायऱ्यांच्या शेवटच्या ओळीवर वास येतो, तिथे कोणी बसत नाही. भुयारी गटाराचं काम वेगळ्या योजनेत आहे आणि ते या केंद्राच्या वेळापत्रकाशी जोडलेलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सांडपाणी ओढ्यात न पडता बाजूने वळवून नेणारी वळण-नाली पहिल्या टप्प्यातच घ्यायला हवी होती, हॉल दुसऱ्या टप्प्यात गेला असता तरी. निधीच्या मुदतीमुळे दिसणारं काम आधी आणि न दिसणारं नंतर हा क्रम आपसूक पडतो. तो उलटा करायचा तर तांत्रिक मान्यतेच्या टप्प्यावरच अडून बसावं लागतं. तिथे आमची सगळी ताकद भिंतीवर खर्च झाली.

चालवणार कोण आणि कशावर, हे बांधण्याच्या आधी लेखी ठरायला हवं. हॉलचे निम्मे संध्याकाळचे तास विनाशुल्क, वस्तीतल्या मुलांसाठी, अशी अट निविदेसोबतच ठरावात घालता आली असती. नंतर ती घालायला गेलं की कोणाच्या तरी धरलेल्या तासावर गदा येते आणि भांडण उभं राहतं. स्वच्छतागृहाचंही तेच: सफाईचा तीन वर्षांचा खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकातच धरायचा होता.

सावली हा तिसरा मुद्दा. दगडी पायऱ्या पश्चिमेला आहेत आणि दुपारी चारपर्यंत तापून निघतात. निंब आणि करंजाची रोपं कामाच्या शेवटी लावली गेली, म्हणजे ती माणसाच्या उंचीची व्हायला अजून वेळ आहे. नकाशे मान्यतेच्या फेऱ्यांत फिरत होते तेव्हाच रोपं लावून जगवता आली असती. त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. पिंपळाच्या मुळांजवळून विजेच्या केबलचा चर गेला, त्या बाजूच्या दोन फांद्या वठल्या. चराची रेघ नकाशावर पाच मीटर सरकवणं हे एका दुपारचं काम होतं.

आमच्या नोंदींतही एक पोकळी राहिली होती. रात्री दहानंतर आम्ही पाहिलं नाही. शेवटची गाडी चुकलेली माणसं रात्र काढायला पारावर येतात, हे काम झाल्यावर कळलं. नवे दिवे रात्रभर त्यांच्या डोळ्यांवर असतात. पाराजवळचे दोन दिवे अकरानंतर मंद होतील अशी सोय आता करून घेतली आहे.

दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव तयार आहे. त्यात वळण-नाली पहिल्या क्रमांकावर आहे, दक्षिणेकडच्या कट्ट्याला रस्त्याच्या बाजूने एक बुटकी पायरी आहे आणि हॉलच्या राखीव तासांचा ठराव सोबत जोडलेला आहे. पोहण्याचा तलाव पुन्हा घ्यावा अशी मागणीही आली आहे. त्यावर बचत गटाने लेखी हरकत नोंदवली आहे: आधी नळाला रोज पाणी, मग तलाव.